कर्त्या पुरुषाचा हात

सोमवारी न्यायालयाचा निकाल लागला आणि रविवार उजाडेपर्यंत घरातलं व्याकरण पार बिघडलं. नवा धर्मगुरू येणार, याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. पण आल्यावर तो आला म्हणायचं की ती आली, यावरून दोघे सख्खे भाऊ चार दिवस एकमेकांशी धड बोलत नव्हते. वर्तमानपत्रांनी ‘आले’ असं आदरार्थी बहुवचन वापरून अंग काढून घेतलं होतं. आत्याने तर वाक्यातून कर्ताच गाळून टाकला होता. “निवड झाली म्हणे,” एवढंच ती म्हणायची आणि कोणाची, असं विचारलं की डोळे मिटून जप करू लागायची.

थोरल्या सुनेला या वादात रस नव्हता. तिच्यापुढचा प्रश्न साधा होता: अकरा कळ्यांचा, म्हणजे अकरा उभ्या तुकड्यांचा घेरदार झगा, छातीवर सरळ पट्टी, आणि आत बाई. पट्टी सरळ बसवायची कशी?

दुकान चौथ्या पिढीचं. पणजोबांनी राजाचे अंगरखे शिवले. राजा गेला, तेव्हा आजोबांनी न्यायाधीशांचे काळे डगले शिवायला घेतले. मास्तरांच्या, म्हणजे तिच्या सासऱ्यांच्या लहानपणीच धर्ममंडळाने गुरूंच्या झग्यांचं काम कायमचं याच घराण्याला लावून दिलं. आणि तिच्या नवऱ्याने, थोरल्याने, राजकारणात पाय टाकल्यापासून पक्षाची जाकिटं अन् झेंडेही इथेच शिवून जात. गिऱ्हाईक बदललं तरी मास्तरांचं मत बदललं नव्हतं: सत्ता कोणतीही असो, खांद्यात थोडा कापूस भरावाच लागतो.

मंडळाच्या नियमावलीत कलम होतं की, धर्मगुरूचा झगा याच घराण्यातून यावा आणि त्याचं कापड ‘घराण्याच्या कर्त्या पुरुषाच्या हातानेच’ कापलं जावं. तसा झगा अंगावर असल्याशिवाय गुरुपदाची दीक्षा होत नसे. त्या कर्त्या पुरुषाचे हात सहा वर्षांपूर्वी थरथरू लागले. सुरुवातीला सुईत दोरा जाईना, मग खडूची रेघ नागमोडी जाऊ लागली, आणि एका सकाळी मास्तरांनी उंची कापड तिरकं कापून कात्री टेबलावर ठेवली ती ठेवलीच. थोरल्या सुनेने ती कात्री उचलली आणि मागच्या खोलीत जाऊन नवं कापड अंथरलं. तेव्हापासून सगळे झगे तीच कापत होती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि घरात कोणालाच माहीत नव्हतं. आत्या तर मागच्या खोलीवरून जाताना मान दुसरीकडे वळवायची. एकदा त्या नादात दाराच्या चौकटीवर आपटून तिने कपाळाला टेंगूळ आणलं होतं आणि ते भक्तीच्या खाती टाकलं होतं.

त्या रविवारी सकाळी गुरुबाई स्वतः दुकानात येऊन गेली. वीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई. मंडळाच्या परीक्षेत पहिली आली, मंडळाने उत्तरपत्रिका हरवली, न्यायालयाने ती शोधून काढली. येत्या गुरुवारी सकाळी अकराला दीक्षा द्या, असा हुकूम झाला होता.

“हात वर करा,” थोरली सून म्हणाली.

“तुम्ही घेणार माप? मास्तर नाहीत?”

“मास्तर वर आहेत. माप मी घेते.” यात खोटं काही नव्हतं.

“मला खिसे हवेत. दोन.”

“धर्मगुरूंच्या झग्याला खिसा नसतो. त्यांना कशाची गरज नसते म्हणून.”

“त्यांचं सगळं दुसरं कोणीतरी उचलतं म्हणून,” गुरुबाई म्हणाली. “माझा चष्मा, रुमाल आणि खडू मलाच ठेवावे लागतात.”

थोरल्या सुनेला हसू आलं. टाचण्या तोंडात असल्याने ते नाकातून बाहेर पडलं. तिने वहीत लिहिलं: खिसे दोन, खोल, शिवणीत लपवून.

जेवणं झाल्यावर दुकानावरच्या खोलीत सगळे जमले. मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत, हात मांडीखाली दाबून बसलेले. आत्या कोपऱ्यात. थोरला येरझाऱ्या घालत होता. त्याच्या हातातला फोन पक्षाध्यक्षांच्या निरोपाची वाट बघत तापला होता. धाकटा वकील, घरात त्याला सगळे ‘कलम’ म्हणत, कारण पोळी वाढतानाही तो कुठल्या कलमाखाली हे विचारायचा. तो निकालाची प्रत घेऊन सज्ज होता.

“प्रश्नच येत नाही,” कलम म्हणाला. “निकाल स्पष्ट आहे. झगा शिवायचाच. हा इतिहास आहे, दादा! आपल्या घराण्याचं नाव यात लिहिलं जाईल.”

“आणि माझं उमेदवारीच्या यादीतून खोडलं जाईल,” थोरला म्हणाला. “मंडळाच्या शब्दावर किती मतं पडतात माहीत आहे का तुला?”

“पक्षाची भूमिका काय?”

“पक्षाला परंपरेचा आदर आहे.” फोन वाजला. त्याने वाचलं. “आणि परिवर्तनाचाही. थांबा जरा, अजून येतंय.”

“म्हणजे काय ठरलं?”

“म्हणजे चार वाजता कळवतात.”

आत्या डोळे न उघडता म्हणाली, “बाईने झगा घातला की प्रार्थनागृहाचं छत कोसळतं, असं माझ्या आईचं म्हणणं होतं.”

“छत मागच्याच वर्षी गळत होतं, आत्या. तेव्हा आत पुरुषच होते,” कलम म्हणाला.

थोरली सून चहाचे पेले भरत होती. तिला एव्हाना अंदाज आला होता की हे भांडण झग्याचं कमी आणि कोणाची बाजू घेतल्याने काय मिळेल याचं जास्त आहे. कलमचा आवेश मात्र खरा वाटत होता. तिने त्याला पहिला पेला दिला.

“वहिनी, तुम्ही कापाल ना?” त्याने हळूच विचारलं.

“माप घेऊन ठेवलंय.”

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली आणि धर्ममंडळाचे चिटणीस वर आले. गोल, गोरे, घामेजलेले. बोलणं इतकं मऊ की शिवी दिली तरी ऐकणारा आभार मानेल. ते बसले, चहा घेतला, सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारली आणि मग मास्तरांकडे वळले.

“मास्तर, न्यायालयापुढे मंडळ नमतं. आम्ही कायदा मानणारी माणसं. दीक्षा देऊ. फक्त झगा हवा. आणि झगा तुमच्याकडूनच यायला हवा, हेही नियमात आहे. न्यायालयाने आम्हाला हुकूम केला, शिंप्याला नाही केला.” ते हसले. “तुम्ही आठवडाभर आजारी पडा. बस्स. दीक्षा पुढे जाईल, मग परत अपील, मग बघू.”

“हा न्यायालयाचा अवमान आहे!” कलम उसळला.

“आजारी पडणं?” चिटणीसांनी भुवया उंचावल्या. “बरं, वकीलसाहेब, तुमच्या सरकारी वकीलपदाच्या अर्जाचं कुठवर आलं? परवाच मंत्रीमहोदय भेटले होते. आमच्या मंडळाचं मत विचारत होते. मी म्हटलं, मुलगा हुशार आहे.”

कलमने निकालाची प्रत घडी करून मांडीवर ठेवली. मग मांडीवरून खुर्चीखाली.

“तसं पाहिलं,” तो म्हणाला, “एका आठवड्याने इतिहासाला काही फरक पडत नाही.”

थोरल्या सुनेने त्याच्यापुढचा पेला उचलून नेला. त्यात अजून अर्धा चहा होता.

आता थोरल्याचा फोन वाजला. चार वाजले होते. त्याने वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला. “पक्षाध्यक्षांनी जाहीर केलं! पक्ष महिलांच्या बाजूने ठामपणे उभा आहे. महिलांची मतं निम्मी असल्याचं सर्वेक्षणात निघालं म्हणे.”

“हे त्यांना आज कळलं?” आत्याने एक डोळा उघडून विचारलं.

“चिटणीससाहेब, झगा होणार,” थोरला छाती काढून म्हणाला. मघाशी याच छातीत परंपरेचा आदर होता. “मी स्वतः नेऊन देईन. फोटोग्राफर बोलावून.”

“दादा, जरा सबुरीने घे,” कलम म्हणाला. “भावना दुखावतील लोकांच्या.”

“तूच तर इतिहास म्हणत होतास!”

“इतिहासालाही कार्यपद्धती असते.”

दोघे भाऊ उभे राहिले, जागा अदलाबदल केल्यासारखे, आणि दुपारी एकमेकांनी वापरलेली वाक्यं एकमेकांवर फेकू लागले. चिटणीस तृप्त चेहऱ्याने बघत होते. घर फुटलं की झगा आपोआप अडकतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पुन्हा मास्तरांकडे मान वळवली.

“मुलांचं चालू द्या. तुम्ही सांगा, मास्तर. कठीण काय आहे? हात दुखतो म्हणायचं.”

मास्तर इतका वेळ खिडकीबाहेर बघत होते. ते हसले. आधी नुसते ओठ हलले, मग पोट हलू लागलं, मग खुर्ची करकरली.

“हात दुखतो म्हणू?” ते म्हणाले. “सूनबाई, मला चहा दे.”

ती जागच्या जागी थांबली. मास्तरांना ती नेहमी चहा अर्धा भरून, जाड बुडाच्या पेल्यात आणि कोणी नसताना देत असे. हे त्यांच्यातलं न बोललेलं होतं.

“भरून दे,” मास्तर म्हणाले.

तिने दिला. मास्तरांनी मांडीखालून उजवा हात काढला आणि पेला उचलला. चहा आधी बशीत गेला, मग शर्टाच्या बाहीवर, मग चिटणीसांच्या पांढऱ्या बुटावर. पेला ओठांपर्यंत पोचला तेव्हा रिकामा होता. मास्तरांनी तो तसाच तोंडाला लावला आणि खाली ठेवला.

थोरल्याने भिंतीकडे तोंड केलं.

“सहा वर्षं झाली,” मास्तर म्हणाले. “या हाताने मी स्वतःचं बटणसुद्धा लावलेलं नाही. धोतर असो की पायजमा, गाठ मारायला मला दुसरं माणूस लागतं. झगे काय कापणार?”

“मग,” चिटणीसांचा आवाज पहिल्यांदाच खरखरला, “मग सहा वर्षं कोण...”

“ही.” मास्तरांनी थरथरतं बोट सुनेकडे केलं. बोट दारापासून कपाटापर्यंत फिरलं, पण अर्थ सगळ्यांना कळला. “एक-एक कळी हिने कापली. माझ्याहून चांगली. हे मी सहा वर्षांत हिला एकदाही बोललो नाही. लाज वाटत होती. हिची नाही, माझी.”

थोरल्या सुनेला काय करावं कळेना, म्हणून तिने फडकं आणलं आणि चिटणीसांचा बूट पुसू लागली. मग आपण काय करतोय हे लक्षात आलं आणि फडकं तिने त्यांच्याच हातात दिलं.

चिटणीस मात्र बुटाकडे बघतच नव्हते. ते मनात मोजत होते. “सहा वर्षांत... नऊ दीक्षा झाल्या.”

“अकरा,” ती म्हणाली. “माझ्याकडे मापं आहेत.”

“आणि महागुरूंचा झगा?”

“चार वर्षांपूर्वीचा. डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली आहे त्यांचा. त्या बाजूला जास्त कापूस घातलाय, म्हणून ते व्यासपीठावर सरळ दिसतात.”

चिटणीसांचा गोरा रंग राखेसारखा झाला. कर्त्या पुरुषाच्या हाताने कापलेला झगा नसेल तर दीक्षा नाही. दीक्षा नसेल तर गुरू नाही. अकरा गुरू, त्यातले एक महागुरू, आणि महागुरूंनी नेमलेले चिटणीस. नियम खरा धरला तर या खोलीत चहा प्यायला आलेला माणूस अधिकृतपणे कोणीच नव्हता.

“हे बाहेर जाता कामा नये,” ते म्हणाले.

यावर मात्र सगळ्यांचं तात्काळ एकमत झालं. कलम म्हणाला, गोपनीयतेतच सगळ्यांचं हित आहे. थोरला म्हणाला, बरोबर, झगा गुरुवारी जाईल, मास्तरांच्या नावाने जाईल, पक्षही खूश, मंडळही खूश. चिटणीसांनी मान डोलावली. मंडळ अपील करणार नाही, मास्तरांनी आजारी पडायची गरज नाही, सगळं पूर्वीसारखं. तीन पुरुषांनी एकाच वेळी सुटकेचा निःश्वास टाकला.

“झालं तर मग,” थोरला बायकोकडे वळला. “तू कापायला घे.”

“नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“कापते. पण पूर्वीसारखं नाही. मला लेखी द्या.”

“अगं, कशाला उगीच? घरातल्या घरात...”

“सहा वर्षं घरातल्या घरातच होतं ना? अहो, तुमच्या पक्षाच्या झेंड्यावर आपल्या दुकानाचं नाव आहे. तुमच्या भाषणात तुमच्या पणजोबांचं नाव आहे. मी बावीस वर्षं या घरात आहे आणि माझं नाव फक्त रेशनच्या कागदावर आहे.” तिचा आवाज चढला नव्हता. खडू हातात असताना ती जसं बोलायची तसंच ती बोलत होती. “ही बाई न्यायालयात जाऊन भांडली म्हणून तिला झगा मिळतोय. तो मी चोरून कापून द्यायचा? मग ती जिंकली कुठे?”

“नियमात ‘कर्ता पुरुष’ असं स्पष्ट आहे,” चिटणीस कळवळून म्हणाले. “मी लेखी काय देऊ? माझे हात बांधलेले आहेत हो.”

“‘कर्ता हात’ आहे,” कोपऱ्यातून आवाज आला.

सगळे वळले. आत्याने दोन्ही डोळे उघडले होते.

“काय म्हणालात?”

“मूळ नियमावलीत ‘घराण्याच्या कर्त्या हाताने’ एवढंच आहे. आमच्या वडिलांकडे जुनी प्रत होती. पेटीत आहे माझ्या. लहानपणी पाठ करून घेतली होती, चुकलं की छडी बसायची, म्हणून विसरले नाही. ‘पुरुष’ दुसऱ्या छपाईत घुसलाय मधे.” तिने पदर सारखा केला. “बोलावल्याशिवाय घुसायची सवयच त्यांना.”

“आत्या!” कलम किंचाळला. “तुला हे माहीत होतं? आणि तू आजपर्यंत गप्प?”

“मला कोणी विचारलं?” आत्या म्हणाली. “मी गालावरचं टेंगूळसुद्धा...”

“कपाळावरचं,” थोरल्या सुनेच्या तोंडून गेलं.

आत्याने तिच्याकडे बघितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच सरळ बघितलं असेल. “कपाळावरचं,” ती म्हणाली. “तुझ्यासाठीच आलं होतं ते, पोरी. बघितलं असतं तर सांगावं लागलं असतं. खोटं बोलायचं नाही असं माझं व्रत आहे. न बघण्याचं नाही.”

जुनी प्रत आली. पानं पिवळी, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण ती ओळ शाबूत होती. चिटणीसांनी ती तीनदा वाचली. बुडणाऱ्याला दोर दिसावा तसं ते तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी कलमकडून कागद मागितला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, की मूळ पाठाच्या आधारे मंडळ स्पष्ट करतं, झगा घराण्याच्या कर्त्या हाताने कापावा आणि सध्या तो हात थोरल्या सुनेचा आहे. ‘सध्या’ शब्दावर तिने बोट ठेवलं. त्यांनी त्याजागी ‘गेली सहा वर्षं’ लिहिलं. मग अकरा झगेही आपोआप शुद्ध झाले आणि चिटणीस पुन्हा चिटणीस झाले. जाताना त्यांनी तिला नमस्कार केला. तो मनापासून होता की घाबरून, हे तिला ठरवता आलं नाही. पण कमरेत ते नीट वाकले होते.

गुरुवारी दीक्षा झाली. छत कोसळलं नाही. बाहेर दोन गट एकमेकांविरुद्ध घोषणा देत होते, पोलीस मधे उभे होते, आणि आत गुरुबाई अकरा कळ्यांचा झगा सावरत पायऱ्या चढली. थोरली सून मागच्या रांगेतून फक्त छातीवरची पट्टी बघत होती. सरळ बसली होती. तिने श्वास सोडला आणि मग कुठे तिला तिथे गाणी वगैरे चालू असल्याचं ऐकू आलं.

दुकानाने त्याची किंमत मोजलीच. तीन जुन्या गुरूंनी ‘बायकी हाताचे’ झगे परत धाडले. त्यातल्या दोघांनी आठवड्याच्या आत गुपचूप मागून नेले. दुसऱ्या शिंप्याच्या झग्यांत ते पोती घातल्यासारखे दिसत होते. तिसरा अजून पोत्यात आहे. पक्षाने उमेदवारी दिली, ती थोरल्या सुनेला. महिला उमेदवार हवी होती. तिने फोनवर सांगितलं की लोकांचे खांदे भरायचं एक काम तिच्याकडे आहे, ते पुरे. थोरला दोन दिवस घुम्यासारखा बसला. तिसऱ्या दिवशी खाली दुकानात येऊन काजं करू लागला. काजं त्याला बरी जमायची, लहानपणी मास्तरांनी शिकवली होती. कलमचा अर्ज अजून विचाराधीन आहे आणि तो दोन्ही बाजूंचा अभ्यास करतोय.

आत्या रविवारी गुरुबाईच्या प्रवचनाला गेली. कोणाला न सांगता, चांगली साडी नेसून. परत आली ती पाय चोळत.

“कसं झालं?” थोरल्या सुनेने विचारलं.

“पावणेदोन तास बोलली,” आत्या वैतागून म्हणाली. “पावणेदोन! मधे उठायची सोय नाही. सगळे पेंगत होते.” मग जरा थांबली. “म्हणजे काही फरक नाही गं. अगदी खरी धर्मगुरू आहे.”

घरातला व्याकरणाचा प्रश्न त्या संध्याकाळी सुटला.

त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मास्तर जिना उतरून खाली आले, टेबलापाशी उभे राहिले आणि कापडांच्या गठ्ठ्यांकडे बघत राहिले. आयुष्यभर त्यांनी आपले कपडे आपणच शिवले होते. दुसऱ्या शिंप्याची टेप त्यांच्या अंगाला लागली नव्हती. गेली सहा वर्षं ते जुनेच सदरे घालत होते.

“तो करडा तागा कसा आहे?” त्यांनी विचारलं.

“चांगला आहे. कोणासाठी?”

मास्तर पुढे सरकले. टेबलाला वळसा घालून ते तिच्यासमोर आले आणि दोन्ही हात बाजूला पसरून उभे राहिले. हात हवेत थरथरत होते. ते लपवण्याचा त्यांनी आता काहीच प्रयत्न केला नाही.

तिने गळ्यातली टेप काढली. खांदा घेतला, बाही घेतली. हात स्थिर होईपर्यंत थांबायचं नसतं, हलत्या हाताबरोबर टेपही हलू द्यायची, म्हणजे माप बरोबर येतं, हे तिला तेव्हाच समजलं. मग तिने टेप छातीभोवती आणली.

“अडतीस असेल,” मास्तर समोर बघत म्हणाले. “लग्नापासून अडतीसच आहे.”

टेपवर चौतीस होतं. तेही सदरा धरून.

“अडतीस,” ती मोठ्याने म्हणाली, आणि वहीत चौतीस लिहिलं.